विषाच्या आधीची कामे

फवारणी कमी करा, असे सांगायला गेले की सोसायटीचा मॅनेजर पहिला प्रश्न हमखास विचारतो, "मग त्याऐवजी काय मारू?" सगळे घोडे इथेच अडते. त्याला एका औषधाच्या जागी दुसरे औषध हवे असते. शक्यतो तेवढ्याच पैशात, तेवढ्याच वेळात होणारे आणि लोकांना तितकेच दिसणारे. माझ्याकडे देण्यासारखे जे असते ते बहुतेक वेळा औषध नसतेच. पाइपाभोवतीच्या भोकात भरायचे सिमेंट, चेंबरच्या फुटक्या झाकणाची बदली, कचऱ्याची खोली धुण्याची ठरलेली वेळ, गच्चीवरच्या टाकीला नीट बसणारे झाकण, अशी ती यादी असते. ही कामे कीडनियंत्रणाची आहेत, हे मॅनेजरच्या गळी उतरवणे हाच माझ्या व्यवसायाचा मोठा भाग आहे.

मी पुण्यात गृहसंस्थांना आणि काही कार्यालयांना कीडनियंत्रणाबद्दल सल्ला देते. कीटकशास्त्र कॉलेजात शिकले. मॅनेजरची कोंडी मात्र त्याच्या टेबलासमोर बसूनच समजली. सकाळी टँकर वेळेवर आला नाही, दुपारी लिफ्ट अडकली, संध्याकाळी पाहुण्यांच्या गाडीवरून पार्किंगमध्ये भांडण झाले. त्यात कोणीतरी व्हॉट्सॲप ग्रुपवर झुरळाचा फोटो टाकतो आणि त्याखाली 'पेस्ट कंट्रोलवाले करतात तरी काय?' अशा ओळींची रांग लागते. वार्षिक करार कमिटीने सर्वांत कमी दराच्या कोटेशनला दिलेला असतो. मॅनेजर फोन करतो, फवारणीवाला येतो, वास सुटतो, फवारणीचा फोटो ग्रुपवर जातो आणि तक्रार बंद होते. पंधरा दिवसांनी झुरळ पुन्हा दिसते तेव्हा रजिस्टरमध्ये त्याची नवी तक्रार म्हणून नोंद होते. या माणसाला विषाचे प्रेम नसते. त्याचे मोजमाप तक्रारींवर होते आणि तक्रार लवकरात लवकर बंद करण्याचे एकच साधन त्याच्या हातात दिलेले असते.

म्हणून मी बोलायला बसल्यावर विषाच्या दुष्परिणामांपासून सुरुवात करत नाही. मी तक्रारींचे रजिस्टर मागते.

एका मोठ्या सोसायटीत सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ मॅनेजर होते. रजिस्टर अगदी स्वच्छ, तारीखवार. त्यांच्यासमोरच मी एका कागदावर झुरळांच्या तक्रारींचे फ्लॅट नंबर लिहून काढले. सी विंगमधले ३०३, ४०३, ५०३, ७०३. एकाखाली एक नंबर आल्यावर ते स्वतःच म्हणाले, "मॅडम, ही तर एकच लाइन आहे." ही सगळी स्वयंपाकघरे एकाच डक्टला लागून होती. फवारणी मात्र दर वेळी ज्याने तक्रार केली त्याच्याच ओट्याखाली होत होती. वास आला की झुरळे डक्टमधून वरच्या-खालच्या घरात सरकत आणि पुढची तक्रार तिथून येई.

रात्री नऊनंतर आम्ही टॉर्च घेऊन डक्टचा दरवाजा उघडला. भिंतीतून पाइप जिथे आत जातात तिथे गवंड्याने फोडलेले भोक तसेच राहिलेले, मूठ जाईल एवढे. त्याच्या कडेला मिरपुडीसारखे बारीक काळे ठिपके. ती झुरळांची विष्ठा. थोडे वर, सांध्यात, तपकिरी रंगाच्या रिकाम्या अंडकोषांचा थर. स्वयंपाकघरात जे लहान, फिकट तपकिरी झुरळ दिसते ते जर्मन झुरळ. त्याची मादी अंडी फुटेपर्यंत अंडकोष पोटाशी धरून हिंडते आणि एका कोषात साधारण तीस ते चाळीस पिल्ले असतात. वरून मारलेली फवारणी कोषाच्या आत सहसा पोचत नाही. त्यात या जातीने नेहमीच्या पायरेथ्रॉइड औषधांना जगभर प्रतिकारशक्ती कमावलेली आहे. सुभेदारसाहेब बराच वेळ त्या भोकाकडे पाहत होते. मग म्हणाले, "म्हणजे आपण शिपाई मारत होतो आणि छावणीचं फाटक उघडं."

दुसऱ्या आठवड्यात तिथे गवंडी लागला. भोके बुजली, ओट्याखालच्या फटी भरल्या. प्रत्येक मजल्यावर आणि कचऱ्याच्या खोलीत आम्ही चिकट पुठ्ठ्याचे सापळे ठेवले, त्यांवर तारीख आणि जागा लिहून. जिथे सापळ्यात झुरळे सापडत राहिली तिथेच बिजागरीत, ड्रॉवरच्या मागे जेलचे थेंब लावले. जेलमध्येही कीटकनाशकच असते, हे मी लपवत नाही. पण ते थेंबाएवढे असते, लहान मुलाचा हात जाणार नाही अशा फटीत बसते, हवेत उडत नाही आणि झुरळ ते खाऊन आपल्या घोळक्यात परतल्यावर तिथल्या इतरांपर्यंत पोचते. मात्र जेल लावलेल्या जागी कोणी स्प्रे मारला की झुरळे तिकडे फिरकत नाहीत आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून घरोघरी एकच विनंती करावी लागते: बाजारातला स्प्रे काही दिवस कपाटात राहू द्या.

सापळ्यांचा खरा उपयोग झुरळे पकडण्यापेक्षा मोजण्यासाठी आहे. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चार कीटकशास्त्रज्ञांनी एकात्मिक नियंत्रणाची कल्पना मांडली. तिच्या मुळाशी साधा विचार होता. कीड दिसली की फवारा, असे करू नका. आधी मोजा, अमुक पातळी ओलांडली तरच उपाय करा आणि उपायात रसायनाचा नंबर शेवटी लावा. तो विचार शेतासाठी होता, पण इमारतीला तो तंतोतंत लागू पडतो. मॅनेजरच्या दृष्टीने तर मोजणी ही ढाल आहे. वार्षिक सभेत कोणी आवाज चढवला, तर त्याला सापळ्यांचा तक्ता दाखवता येतो: जूनमध्ये इतकी, सप्टेंबरमध्ये इतकी. फवारणीच्या फोटोपेक्षा हा कागद भक्कम ठरतो, हे एकदा अनुभवले की मॅनेजर स्वतःच सापळे मागू लागतात.

झुरळांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पुण्या-मुंबईत सर्रास आढळते. मालक परदेशी, फ्लॅट वर्षभर बंद. बाथरूमच्या नाहणी ट्रॅपमधले पाणी आटून जाते आणि ड्रेनेजमधली मोठी, लालसर झुरळे थेट वर येतात. त्यावरचा उपाय म्हणजे ट्रॅपमध्ये महिन्याला बादलीभर पाणी ओतणे. हे मला सांगितले होते एका हाउसकीपिंगच्या मावशींनी. कोणत्या मजल्यावर कचरा रात्रभर बाहेर राहतो, कोणत्या चेंबरचे झाकण हलते, उंदीर कुठून पळतो, हे त्यांना ठाऊक असते. फक्त त्यांना कोणी विचारत नाही. आता कुठल्याही सोसायटीत पाहणीला निघताना मी मॅनेजरना सांगते, मावशींना आणि रात्रीच्या वॉचमनना बरोबर घ्या.

डासांच्या बाबतीत समजूत घालणे याहून अवघड. गणपतीच्या आधी सोसायटीत धूर झाला नाही, तर कमिटीने काही केलेच नाही असे रहिवाशांना वाटते. यंत्रातून बाहेर पडतो तो डिझेल किंवा केरोसीनमध्ये मिसळलेल्या कीटकनाशकाचा धूर. त्या क्षणी उडत असलेला आणि धुराच्या वाटेत आलेला डास त्याने मरतो. पाण्यातल्या अळ्यांना त्याचा काहीच त्रास होत नाही. डेंगी पसरवणारा एडिस इजिप्ती डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात आणि तो चावतो दिवसा. एरवी तो घरात पडद्यामागे, पलंगाखाली, कपड्यांच्या घडीत बसलेला असतो आणि आपण संध्याकाळी पार्किंगमध्ये धूर करतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरे काय. दम्याच्या रुग्णांना मात्र तो धूर नेमका बाधतो.

हे सगळे तोंडी सांगून उपयोग होत नाही. मी एक पांढरा वाडगा बरोबर ठेवते. एका सोसायटीच्या दारातले कारंजे वीज वाचवायला बंद ठेवले होते. त्यातले पाणी वाडग्यात घेऊन मॅनेजरच्या हातात दिले. टॉर्चचा झोत पडताच अळ्या वळवळत तळाला गेल्या आणि थोड्या वेळाने एकेक करून श्वासासाठी पुन्हा वर आल्या. तो वाडगा मग कमिटीच्या बैठकीत फिरला. लिफ्टचा खड्डा, कुंड्यांखालच्या थाळ्या, गच्चीवरचे मोडके सामान, एसीच्या पाण्याची बादली, चालू बांधकामातले क्युरिंगचे पाणी अशी ठिकाणांची यादी बैठकीतच तयार झाली. आठवड्यातून एक दिवस ही सगळी ठिकाणे कोरडी करायची आणि भांड्यांच्या कडा घासायच्या. घासणे महत्त्वाचे, कारण एडिसची अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. जे पाणी काढता येत नाही तिथे बीटीआय, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस हा जिवाणू. १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात तो सापडला. डासाच्या अळीने तो खाल्ला की तिच्या आतड्यात त्याचे विष जागे होते. माणसाला आणि माशांना त्याचा अपाय नाही. कारंज्यात आणि बंदिस्त हौदात गप्पी मासेही चालतात, पण ते ओढ्यात, तळ्यात किंवा नदीत सोडू नका असे मी बजावून सांगते. बाहेरचे मासे तिथल्या जिवांवर कुरघोडी करतात.

"धूर बंद केला तर लोक मला फाडून खातील, मॅडम," असे त्या मॅनेजरनी मला स्पष्ट सांगितले. मी म्हटले, "बंद करू नका. एक विंग द्या, एक पावसाळा द्या. तिथे फक्त पाण्यावर काम करू." मागण्याची ही पद्धत मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली आहे. संपूर्ण बंदी मागितली की कमिटीत दोन तट पडतात. एक विंग मागितली की कोणाला हरल्यासारखे वाटत नाही आणि शेजारच्या विंगमधले लोक आपण होऊन चौकशी करायला येतात. महापालिकेचे कर्मचारी पाहणीला आले की अळ्या सापडलेल्या सोसायटीला नोटीस मिळते, दंडही होतो. किती धूर केला हे तिथे कोणी विचारत नाही, अळ्या आहेत की नाहीत एवढेच पाहतात. हा मुद्दा मॅनेजरना लगेच पटतो.

उंदीर-घुशींच्या बाबतीत मी अधिक कठोर आहे. धान्याच्या गोदामांत वापरायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या इमारतीत आणल्याचे कळले की मी काम थांबवायला सांगते. ओलावा लागताच त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, तो फटींतून शेजारच्या घरात जातो आणि त्यावर उतारा नाही. आपल्या शहरांतल्या घरांमध्ये झोपेतच माणसे दगावल्याच्या बातम्या वाचकांनी वाचल्या असतील. इथे समजावणीला जागा नाही, इथे फक्त नकार.

नेहमीच्या ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांबद्दल मात्र बोलता येते. त्या रक्त गोठू देत नाहीत. उंदीर खाल्ल्यावर काही दिवसांनी मरतो आणि मरतो तो फॉल्स सीलिंगमध्ये किंवा डक्टच्या तळाशी. त्या दुर्गंधीचा अनुभव प्रत्येक मॅनेजरला असतो. असा विषारी उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडालाही ते विष बाधते. गव्हाणी घुबडाची एक जोडी पिल्लांसाठी रात्रीत किती उंदीर उचलते हे ज्याने पाहिले आहे, त्याला हा व्यवहार तोट्याचा का हे सांगावे लागत नाही. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर घरात शिरतो, अर्ध्या इंचाच्या भोकातून मोठा. म्हणून दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी, पाइपाच्या तोंडाला जाळी, तळमजल्याच्या भोकांत जाळी घालून सिमेंट, कचऱ्याच्या डब्यांना घट्ट झाकणे आणि पिंजरे. आवारात कबुतरांना आणि भटक्या जनावरांना खाऊ टाकणाऱ्यांशीही बोलावे लागते. रात्री उरलेले अन्न उंदीरच खातात. हे काम हळू होते, पण एकदा बुजवलेले भोक वर्षानुवर्षे बुजलेले राहते.

भीती सर्वांत खरी असते ती मधमाश्यांची. सहाव्या मजल्याच्या छज्ज्याखाली आग्या मोहोळ बसले की मॅनेजरचा फोन येतो आणि त्याच्या आवाजात घाई असते. ती घाई मी हलक्यात घेत नाही; आग्या माश्या चवताळल्या तर माणसाचा जीव जाऊ शकतो. पण भरदिवसा दोरीवरून उतरून फवारा मारला की त्या चवताळतातच. मेलेल्या आणि अर्धमेल्या माश्या मुलांच्या खेळण्याच्या जागेत पडतात आणि विष लागलेला मध कोणीतरी खातो. माझा सल्ला ठरलेला असतो. मोहोळ हाताला न येणाऱ्या उंचीवर असेल तर खालची जागा अडवा, त्या बाजूच्या गॅलरीला जाळी लावा, रात्री तिकडचे दिवे बंद ठेवा, कारण आग्या माश्या उजेडाकडे ओढल्या जातात. आग्या ही स्थलांतर करणारी जात आहे. फुलोरा संपला की वसाहत आपण होऊन उठते. सातेरी माश्या असतील तर जाणकार माणूस त्यांना पेटीत घालून नेऊ शकतो. मधमाश्यांवर संशोधन करणारी आणि प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था १९६२ पासून पुण्यातच आहे, तरी तिच्याच शहरात आपण मोहोळांवर विष मारतो, याचे मला वाईट वाटते. रहिवाशांच्या मुलांना खाली बोलावून दुर्बिणीतून ते मोहोळ दाखवले की अर्धे काम होते. मुले घरी जाऊन जे सांगतात ते माझ्या भाषणाने होत नाही.

या सगळ्यात ज्याच्याबद्दल क्वचितच बोलले जाते तो माणूस म्हणजे फवारणारा. एकदा एका सोसायटीच्या तळघरात मी अशाच एकाशी बोलत उभी होते. विदर्भातून आलेला तरुण मुलगा, तोंडाला रुमाल, हात उघडे, पायात चप्पल. त्याच्या पिशवीत पाण्याच्या जुन्या बाटलीत दुधाळ द्राव होता, बाटलीवर नाव नाही, काही नाही. "काय आहे हे?" मी विचारले. "ऑफिसमधून भरून देतात, ताई," तो म्हणाला. "संध्याकाळी डोकं जड होतं. जेवण जात नाही." २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. तोच हळवेपणा आपल्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या या मुलाच्या वाट्याला येत नाही.

मी मॅनेजरना खाली बोलावून ती बाटली दाखवली. कीटकनाशक कायदा १९६८ सालचा आहे. त्याखालच्या नियमांनुसार प्रत्येक मूळ डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. व्यवसाय म्हणून फवारणी करणाऱ्याला परवाना लागतो. डायक्लोरव्हॉससारख्या, पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकावर २०२० च्या ३१ डिसेंबरपासून देशात बंदी आहे. नाव नसलेल्या बाटलीत यांपैकी काय आहे हे कोणालाच कळू शकत नाही. त्या दिवसापासून त्या सोसायटीत मूळ डबा, त्यावरचे लेबल आणि हातमोजे-मास्क दाखवल्याशिवाय गेटमधून आत सोडायचे नाही, असा नियम झाला. मॅनेजरनी तो स्वतःच्या हाताने वॉचमनच्या वहीत लिहिला.

शेवटी सगळे येऊन ठेपते ते करारावर. कमिटीपुढे तीन कोटेशने येतात आणि तिन्हींत एकच गोष्ट मोजलेली असते: वर्षाला किती फवारण्या. मग कमी दरात जास्त फवारण्या देणारा जिंकणार, हे ठरलेलेच. मी कोटेशनचा नमुनाच बदलून देते. त्यात पाहणी किती वेळा, सापळ्यांची नोंद कोण ठेवणार, फटी बुजवण्याचे काम कोणाकडे, रसायन वापरायचेच झाले तर कोणत्या कारणाने, कोणते, कुठे, आणि रहिवाशांना आदल्या दिवशी सूचना देणार का, हे विचारलेले असते. गवंडी आणि प्लंबरचा खर्च दुरुस्तीच्या खात्यात आणि फवारणी पेस्ट कंट्रोलच्या खात्यात, अशी वेगळी मांडणी असते तोवर दुरुस्ती महाग दिसते. दोन्ही एकाच खात्यात आणली की दरवर्षी तेच तेच विकत घेण्यापेक्षा एकदा भोक बुजवणे परवडते, हे खजिनदारालाही दिसते. कंत्राटदारांना मी विरोधक मानत नाही. त्यांच्यातल्या चांगल्यांना पाहणीचे आणि कौशल्याचे पैसे मिळाले तर तेही विषाचे पंप कमी उचलतात.

प्रत्येक वेळी रसायन टाळता येते असे मी म्हणत नाही. वाळवी लाकडी चौकटीत खोलवर शिरली असेल तर त्या जागी नेमके इंजेक्शन द्यावे लागते. ढेकणांना गरम पाण्यातली धुलाई, व्हॅक्यूम, फटी भरणे यांनी बराच आळा बसतो, तरी कधी त्यानंतर औषध लागतेच. काही सोसायट्यांनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि सर्वांत स्वस्त कोटेशनवर सही केली. काही ठिकाणी कमिटी बदलली आणि धूर परत आला. हे काम एकदा करून संपणारे नाही, कारण मॅनेजरवरचा दबाव संपत नाही.

म्हणूनच हे सगळे मी मॅनेजरइतकेच रहिवाशांनाही सांगते. मॅनेजर धूर बोलावतो, कारण आपण त्याला "फवारणी कधी?" एवढेच विचारतो. पुढच्या सभेत त्याला विचारा: पाणी कुठे साचते आहे, भोके कुठे आहेत, सापळ्यांत काय सापडले, आणि जे फवारले त्याचे लेबल कुठे आहे. हे प्रश्न दोन-चार जणांनी सलग विचारले की मॅनेजरला गवंडी बोलावण्याचे बळ येते. माझ्या अनुभवात बदल तिथूनच सुरू होतो.